बेंडरचे नऊ आकार आणि आठ सेक्रेटरी

सायकियाट्रीच्या ओपीडीतून मानसशास्त्र विभागाकडे येणाऱ्या केस पेपरवर एक ओळ अजूनही दिसते : ‘बी.जी.टी. करून घ्यावी. ऑर्गॅनिसिटी?’ बी.जी.टी. म्हणजे बेंडर गेस्टाल्ट टेस्ट, कार्डांवरच्या नऊ आकृत्या बघून कागदावर उतरवण्याची चाचणी; ऑर्गॅनिसिटी म्हणजे मेंदूलाच झालेली इजा. समोरच्या माणसाचं वागणं बदललेलं असतं. तो विसरतो, चिडतो, नाहीतर तासन् तास गप्प बसतो. हा मनाचा आजार आहे की मेंदूला इजा झाली आहे, हे त्याच्याकडून काही आकृत्या काढून घेऊन आम्ही सांगावं, अशी त्या प्रश्नचिन्हामागची अपेक्षा.

आकृत्यांवरून हे खरंच सांगता येतं का, याचा रोखठोक हिशेब १९५९ साली लुईस गोल्डबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला. व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या सिद्धांतामुळे त्यांचं नाव पुढे सगळ्यांना माहीत झालं, पण हे काम त्याच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडच्या वर्गांत ते बहुधा किस्सा म्हणून सांगितलं जातं. मानसशास्त्रज्ञांना जेवढं कळलं तेवढंच त्यांच्या सेक्रेटरींना कळलं, असा तो किस्सा. हशा पिकतो, आणि तास संपला की सगळे उठून तीच चाचणी घ्यायला जातात. या प्रकरणातून चाचणी फोल ठरली असं काढणारे आणि हसून सोडून देणारे, दोघांच्याही हातून मुद्दा निसटतो, असं माझं मत आहे. म्हणून ते मुळापासून मांडतो.

चाचणी नेमकी काय आहे

लॉरेटा बेंडर या न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. सुट्या भागांपेक्षा अख्खा आकार महत्त्वाचा मानणाऱ्या गेस्टाल्ट पंथाचे माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये, माणसाची नजर ठिपके आणि रेषा यांचे गट कसे पाडते हे दाखवण्यासाठी काही आकृत्या छापल्या होत्या. त्यांतून बेंडर यांनी नऊ उचलल्या, त्या रुग्णांकडून आणि मुलांकडून काढून घेतल्या आणि १९३८ मध्ये त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. मूल वाढतं तशी आकृती जुळवण्याची क्षमता कशी घडत जाते आणि आजारात ती कशी विस्कटते, हे बघण्यात त्यांना रस होता. निदानाचा शिक्का मारण्याचं यंत्र म्हणून त्यांनी ही चाचणी बनवली नव्हती.

घेण्याची पद्धत अगदी साधी. एक कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर. पट्टी द्यायची नाही. एकेक कार्ड समोर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘हे जसं दिसतंय तसं काढा.’ वेळेचं बंधन नाही. ‘ठिपके मोजून काढू का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : ‘तुम्हाला ठीक वाटेल तसं.’

आता पहिल्या क्रमांकाचं कार्ड घ्या. एका आडव्या ओळीत बारा ठिपके, बाकी काही नाही. एखादा माणूस बोट टेकवून दोनदा ठिपके मोजतो, मग प्रत्येक ठिपका गोल गिरवून ठळक करतो, मागे जाऊन पुन्हा मोजतो. दुसरा माणूस ठिपके मारायला लागतो आणि थांबतच नाही. पंधरा, अठरा, बावीस, कागदाची कड येईपर्यंत. कडेला पोचल्यावर तो वर बघतो, आणि काही चुकलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. तिसरा ठिपक्यांऐवजी छोटी वर्तुळं काढतो. चौथा पटकन आठ-नऊ टिंबं मारून कागद पुढे सरकवतो. पुस्तकं म्हणतात, दुसरा मेंदूच्या इजेकडे झुकतो; एकच क्रिया थांबवता न येणं हे तिथलं जुनं लक्षण. आता हाच कागद, माणूस न बघता, टपालाने आला असं समजा. बावीस ठिपक्यांची ओळ दिसते. तो थांबू शकला नाही, की त्याला कंटाळा आला होता, की मनातल्या आवाजांकडे लक्ष असल्यामुळे कार्डाकडे बघायचंच राहिलं, यातलं काहीही त्या ठिपक्यांवरून वाचता येत नाही.

चुकांच्या याद्या पुढे तयार झाल्या. आकृती आडवी-तिडवी फिरवणं, दोन षटकोन एकमेकांवर येतात तिथे गोंधळणं, आकृतीचे तुकडे करणं, एक आकृती दुसरीवर आदळवणं, रेषा न जुळवणं, कोन हुकणं, आणि एक मला फार बोलकी वाटणारी चूक : आपण काढलेलं चुकलंय हे कळणं, पुन्हा पुन्हा खोडणं, आणि तरीही दुरुस्त करता न येणं.

प्रश्न कुठून आला

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात ही चाचणी रुळवण्यात मॅक्स हट या मानसशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये त्यांनी लष्करी मानसशास्त्रज्ञांसाठी बेंडर चाचणीची मार्गदर्शिका लिहिली. रणांगणावरून परतलेल्या जवानाचं डोकं दुखतं, झोप लागत नाही, लक्ष टिकत नाही. स्फोटाने मेंदू हादरलाय की मन? उपचार, भत्ता, पुढची नोकरी, बरंच काही त्या उत्तरावर अवलंबून. सी.टी. स्कॅन तेव्हा नव्हता. पहिल्या रुग्णाचा स्कॅन लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात व्हायला १९७१ साल उजाडलं. त्याआधी मेंदूत डोकावायचं तर पाठीच्या मणक्यातून हवा भरून एक्स-रे काढायचे, आणि ती तपासणी रुग्णाला भयंकर त्रास द्यायची. त्या तुलनेत नऊ कार्डं आणि एक पेन्सिल, पंधरा मिनिटांत काम. ही चाचणी झपाट्याने का पसरली, हे वेगळं सांगायला नको. पन्नाशीच्या दशकात ती अमेरिकेतल्या सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांपैकी एक होती.

१९५१ मध्ये पास्कल आणि सटेल यांनी गुणदानाची बारीक पद्धत दिली. पण रोजच्या कामात गुण मोजत बसायला कुणाला वेळ होता? अनुभवी माणूस कागदावर नजर टाकायचा आणि म्हणायचा, ‘हा ऑर्गॅनिक दिसतोय.’

गोल्डबर्ग यांनी काय केलं

त्यांनी बेंडर चाचणीचे ३० रुग्णांचे कागद घेतले. त्यांतले १५ जण मेंदूला इजा झालेले, १५ जण मानसिक आजाराचे पण इजेचा पुरावा नसलेले. हे कागद तीन गटांपुढे ठेवले. पहिल्या गटात ४ अनुभवी मानसशास्त्रज्ञ, दुसऱ्यात १० प्रशिक्षणार्थी, तिसऱ्यात मानसशास्त्राचा गंधही नसलेल्या ८ सेक्रेटरी. प्रत्येकाने प्रत्येक कागदाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या : इजा आहे की नाही, आणि आपल्या उत्तराची किती खात्री वाटते.

मानसशास्त्रज्ञांची सरासरी उत्तरं ६५ टक्के बरोबर आली, प्रशिक्षणार्थ्यांची ७० टक्के, सेक्रेटरींची ६७ टक्के. हे आकडे ३० कागदांत मांडले की फरक किती किरकोळ आहे ते दिसतं : साडेएकोणीस, एकवीस आणि वीस. म्हणजे फरक नाहीच. खात्रीचाही अचूकतेशी मेळ बसला नाही. छातीठोक सांगणारा जास्त बरोबर निघाला, असं झालं नाही.

शेवटी तेच कागद मॅक्स हट यांना दाखवले. त्यांनी ८३ टक्के बरोबर ओळखले, म्हणजे ३० पैकी २५.

किस्सा सांगताना हटसाहेबांना बहुतेक वेळा गाळलं जातं, कारण त्यांनी किश्श्याची गंमत जाते. पण या प्रकरणातला सगळ्यांत अवघड दुवा तोच आहे.

आकड्यांकडे जरा शांतपणे

आधी सेक्रेटरींचा आकडा बघू. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर सरासरी १५ बरोबर आली असती. ३० पैकी २० किंवा अधिक निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आहे. इथे तर तीनही गट त्याच आसपास पोचले. म्हणजे कागदांत काहीतरी होतं. मोडलेली आकृती कुणालाही मोडलेली दिसते, आणि मेंदूच्या इजेत आकृत्या जास्त मोडतात, एवढं ज्ञान शाळेत गेलेल्या कुठल्याही डोळ्याला असतं. मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणाने त्यात भर घातली नाही, एवढाच या निकालाचा अर्थ. चाचणी पोकळ आहे, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. निघतो असं सांगणाऱ्याने हट यांचे २५ कागद कुठून आले तेही सांगावं.

मग वर्षानुवर्षं चाचणी घेणाऱ्यांना ती भर का घालता आली नाही? माझ्या मते याचं कारण आमच्या कामाच्या रचनेतच आहे. कागद वाचला, रिपोर्ट लिहिला, फाइल गेली. त्या रुग्णाचं पुढे काय झालं, शस्त्रक्रियेत गाठ निघाली की सहा महिन्यांत तो गोळ्यांनी बरा झाला, हे मानसशास्त्र विभागाच्या टेबलावर परत येत नाही. उलट आपल्याच रिपोर्टवरून निदान ठरतं, आणि ते निदान बघून आपल्याला वाटतं की आपण बरोबर होतो. अशी वीस वर्षं काढली तर वाढते ती फक्त खात्री.

याची दुसरी बाजू १९६७ मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी दाखवली, तीही चित्रांवरूनच. माणूस काढायला सांगणाऱ्या चाचणीची चित्रं घेऊन त्यांनी प्रत्येक चित्राखाली रुग्णाची लक्षणं लिहिली. चित्र आणि लक्षण यांची जोडी मुद्दामच अशी लावली होती की त्यांच्यात काहीही संबंध राहू नये. ती चित्रं विद्यार्थ्यांना दाखवली तेव्हा त्यांना त्यांत ‘संबंध’ सापडले : संशयी माणूस डोळे वेगळे काढतो, बुद्धीची चिंता असणारा डोकं मोठं काढतो. व्यवसायातले अनुभवी लोकही हेच संबंध सांगत होते. अपेक्षा आधी तयार असली की डोळ्यांना पुरावा सापडतोच.

हट यांचं काय? मला दोन शक्यता दिसतात. एक म्हणजे ते खरोखर असं काही बघत होते जे इतरांना दिसत नव्हतं. दुसरी, तो एका माणसाचा एका दिवसाचा निकाल आहे आणि त्यात नशिबाचाही हात असू शकतो. मात्र त्यांची नजर निव्वळ दैवी देणगी नव्हती, याला एक आधार आहे. हट आणि ब्रिस्किन यांनी १९६० मध्ये मेंदूच्या इजेकडे बोट दाखवणाऱ्या चुकांची यादी दिली. त्या बारा चुका घेऊन पॅट्रिशिया लॅक्स यांनी १९८४ मध्ये प्रत्येक चुकीची व्याख्या आणि उदाहरणं देणारी गुणदानाची पुस्तिका काढली. बारापैकी पाच किंवा अधिक चुका झाल्या तर इजेची शंका घ्यायची. गुरूच्या नजरेतलं जेवढं शब्दांत धरता आलं, तेवढं नवशिक्याच्या हातात आलं. ‘मला दिसतंय’ म्हणणाऱ्या अनुभवापेक्षा चुका मोजणारा नवशिका मला जास्त भरवशाचा वाटतो, मग तो कितीही रूक्ष असो.

पंधरा आणि पंधरा

गोल्डबर्ग यांच्या अभ्यासात अर्धे रुग्ण इजेचे होते. अभ्यासासाठी ते योग्यच, पण ओपीडी अशी अर्धी-अर्धी कधीच नसते. पॉल मील आणि आल्बर्ट रोझन यांनी १९५५ मध्येच बजावलं होतं की ज्या गटात चाचणी वापरायची त्या गटात तो आजार किती जणांना आहे हे पाहिल्याशिवाय तिच्या अचूकतेला अर्थ नाही. तेव्हा ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आजही घेत नाहीत.

हिशेब करून बघू. समजा, ओपीडीतल्या १०० जणांपैकी १० जणांना मेंदूची इजा आहे. चाचणी वाचणारा सेक्रेटरींइतका, म्हणजे ६७ टक्के अचूक, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. दहापैकी सातजण तो पकडेल, तीन सुटतील. उरलेल्या ९० पैकी ३० जणांवर मात्र उगाच ‘ऑर्गॅनिक’ शिक्का बसेल. शिक्का बसलेले एकूण ३७, त्यांतले खरे ७. हट यांची ८३ टक्के नजर आणली तरी शिक्का बसलेले २३ आणि खरे ८. आणि ज्याने चाचणीच घेतली नाही, सगळ्यांना सरसकट ‘इजा नाही’ म्हटलं, तो शंभरात ९० वेळा बरोबर!

अर्थात हा शेवटचा माणूस हुशार नाही, धोकादायक आहे. त्याच्या हातून सुटलेल्या दहाजणांत एखाद्याच्या डोक्यात वाढणारी गाठ असेल, एखाद्याच्या कवटीखाली महिनाभर साचत आलेलं रक्त असेल, आणि त्याला नैराश्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जाईल. म्हणून नुसती अचूकतेची टक्केवारी कामाची नाही. उगाच केलेल्या स्कॅनचा खर्च आणि न केलेल्या स्कॅनची किंमत या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

मुळात प्रश्नच दुभंगलेला

आकृती बघून कागदावर उतरवण्यात किती कामं दडली आहेत? डोळ्यांनी नीट बघणं, भागांचा एकमेकांशी संबंध पकडणं, तो क्षणभर धरून ठेवणं, कुठून सुरुवात करायची ते ठरवणं, हाताला हुकूम देणं, आणि काढलेलं मूळाशी ताडून बघणं. साखळीतली कुठलीही कडी सैल झाली की आकृती मोडते. उजव्या मेंदूच्या मागच्या वरच्या भागाला मार बसला तर मोडते. हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारावरच्या औषधाने हात ताठरले आणि आकार बारीक होत गेले तरी मोडते. लिथियमच्या गोळ्यांनी हात थरथरला तर रेषा लाटेसारखी येते. ताठरपणा घालवायला दिलेलं ट्रायहेक्सीफेनिडिल स्मरणशक्ती मंदावतं. खोल नैराश्यातला माणूस चौथ्या कार्डापर्यंत थकतो. आणि याच्या नेमकं उलट, कपाळामागच्या भागाला गंभीर इजा झालेला, घरात सगळ्यांच्या अंगावर धावून जाणारा माणूस नऊच्या नऊ आकृत्या सुबक काढून देऊ शकतो. समोर बघून उतरवायचं काम त्या भागाकडे फारसं नसतंच.

स्किझोफ्रेनिया तर या चाचणीची खरी कसोटी. १९७८ मध्ये रॉबर्ट हीटन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. चाचण्या इजा आणि इतर मानसिक आजार यांच्यात साधारण तीन-चतुर्थांश वेळा बरोबर फरक करतात, पण दीर्घकाळच्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसमोर निकाल जवळपास नाणेफेकीवर येतो, असं त्यांना आढळलं. ज्यांच्याबाबत डॉक्टर सगळ्यांत जास्त गोंधळलेले असतात, नेमकी तिथेच चाचणी हात वर करते.

याचं कारण दोन वर्षं आधीच समोर आलं होतं. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळच्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे सी.टी. स्कॅन काढले, तर मेंदूतल्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या निघाल्या. ज्या आजाराला ‘मेंदूचा नव्हे, मनाचा’ म्हणून दुसऱ्या रकान्यात टाकलं होतं, त्यातही मेंदूच बदललेला. १९९४ मध्ये अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीने ‘ऑर्गॅनिक’ हा वर्गच काढून टाकला, कारण बाकीच्या मानसिक आजारांत मेंदूचा काही संबंध नाही असा त्याचा अर्थ होत होता. गोल्डबर्ग यांच्या मानसशास्त्रज्ञांना जे दोन ढीग करायला सांगितले होते, ते ढीग निसर्गात तसे वेगळे नव्हतेच. सेक्रेटरींसमोर त्यांची जी फजिती झाली, तिच्यातला बराच वाटा या प्रश्नाचा आहे, आणि किस्सा सांगताना तोही सांगायला हवा.

मग आकृत्यांचं करायचं काय

गोल्डबर्ग यांच्यानंतर जे उपयोगी प्रयत्न झाले, ते ‘आहे की नाही’ या प्रश्नापासून थोडे दूर गेले. मला सगळ्यांत आवडतो तो आर्थर कँटर यांचा, साठच्या दशकातला. त्यांनी रुग्णाकडून आकृत्या आधी कोऱ्या कागदावर काढून घेतल्या आणि मग वेड्यावाकड्या नागमोडी रेषा छापलेल्या कागदावर. पहिल्यापेक्षा दुसऱ्या कागदावर काम किती बिघडलं, ते मोजलं. मानसिक आजाराचा रुग्ण दोन्हीकडे साधारण सारखंच काढतो, कधी वाईटही, पण सारखंच. मेंदूला इजा झालेल्याला मात्र पार्श्वभूमीतला गोंधळ बाजूला सारता येत नाही, आणि दुसरा कागद कोसळतो. इथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. औषधाची थरथर, कमी शिक्षण, कंटाळा हे दोन्ही कागदांवर सारखंच असतं, त्यामुळे ते हिशेबातून बऱ्यापैकी गळून पडतं.

दुसरी वाट आंद्रे रे यांच्या गुंतागुंतीच्या आकृतीची. ती १९४१ मधली; ओस्टेरिथ यांनी १९४४ मध्ये तिचे १८ भाग पाडून ३६ गुणांची पद्धत बसवली. ही आकृती आधी बघून काढायची आणि काही वेळाने न बघता आठवून. शेवटी कागदावर काय उरलं याच्याइतकंच ती कोणत्या क्रमाने काढली हे इथे महत्त्वाचं असतं. परीक्षक दर थोड्या वेळाने रुग्णाच्या हातात वेगळ्या रंगाची पेन्सिल देतो, म्हणजे क्रम रंगांत नोंदला जातो. कुणी आधी मोठा आयत आणि कर्ण काढून मग तपशील भरतो. कुणी एका कोपऱ्यातून तुकडा तुकडा जोडत जातो, आणि शेवटी तुकडे जुळत नाहीत. आणि कुणी आकृतीचा उजवा अर्धा भाग नीटनेटका काढून पेन्सिल खाली ठेवतो. डावा भाग कुठे, असं विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, ‘झाली की पूर्ण.’ असा कागद हाती आला की मी निदानाच्या चर्चेची वाट बघत नाही, त्याच दिवशी न्यूरोलॉजीला चिठ्ठी जाते. डाव्या बाजूचं भानच हरवणं ही गोष्ट नैराश्यात किंवा स्किझोफ्रेनियात अशी स्वच्छ अर्धी कापलेली येत नाही. थोडक्यात, काही आकृत्या खूप काही सांगतात, बऱ्याचशा काहीच ठाम सांगत नाहीत, आणि टक्केवारीच्या सरासरीत या दोन्ही जाती एकत्र कालवल्या जातात.

आपल्याकडे चंदीगडच्या पी.जी.आय. या वैद्यकीय संस्थेत द्वारका पर्शाद आणि एस. के. वर्मा यांनी बनवलेल्या मेंदू-विकार चाचणीसंचात बेंडरच्या आकृत्या आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचात रे यांची आकृती आहे आणि मानकं वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार दिलेली आहेत. शिक्षणाचा हा रकाना आपल्या भागात जीव की प्राण आहे. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिने षटकोनाचे कोन गोल केले तर त्यात मेंदूची चूक नाही. लॅक्स यांच्या पाच चुका अमेरिकेतल्या शाळा शिकलेल्या माणसांवरून ठरल्या; त्या जशाच्या तशा धाराशिवच्या किंवा गडचिरोलीच्या आजींना लावल्या तर निम्मं गाव ऑर्गॅनिक ठरेल.

पण त्याच आजी रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत असतील. नऊ बाय नऊ ठिपके, मोजून, सरळ रेषेत, आणि त्यांच्याभोवती न अडखळता फिरणारी रेष. ठिपके, अंतर, वळण, सुरुवात तिथेच शेवट : बेंडर यांना जे बघायचं होतं ते सगळं त्यात आहे, आणि सराव पन्नास वर्षांचा. म्हणून सुनेला किंवा मुलीला विचारावं, ‘आजींची रांगोळी पूर्वीसारखी येते का? कधीपासून बिघडली? हळूहळू की एकदम?’ कँटर यांच्या दोन कागदांमागे जो विचार आहे तोच इथेही आहे. तुलना आजींची आजींशीच. आठ दिवसांत बिघडलेली रांगोळी आणि दोन वर्षांत बिघडलेली रांगोळी यांच्या वाटा वेगवेगळ्या विभागांत जातात.

राहिला तो केस पेपरवरचा प्रश्न. ‘ऑर्गॅनिसिटी?’ असं लिहून आलेल्या चिठ्ठीला मी हल्ली एका शब्दात उत्तर देत नाही. कुठल्या आकृत्या मोडल्या, कशा मोडल्या, चूक दाखवल्यावर रुग्णाच्या लक्षात आली का, त्या दिवशी कोणती औषधं किती मात्रेत चालू होती, शिक्षण किती, चष्मा होता का, आणि हे सगळं किती खात्रीचं आहे, एवढं लिहितो. चष्म्याची नोंद हास्यास्पद वाटेल, पण वॉर्डातल्या रुग्णांचे चष्मे बरेचदा नातेवाइकांच्या पिशवीत असतात. शिवाय चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे एक गोष्ट मागतो : डोक्याला मार, फिट, अचानक सुरुवात, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेला मानसिक आजार, चालण्यात किंवा लघवीच्या ताब्यात बदल, यांतलं काही असेल तर आकृत्यांची वाट बघू नका, स्कॅन आधी करा. आणि स्कॅनचा निकाल आला की त्याची एक प्रत, कितीही उशिरा का होईना, आमच्या विभागात पाठवा.

ही शेवटची विनंती फार कमी वेळा पाळली जाते.